वाजवून न घेता येणारी नाणी

नाणं वाजवून घ्यावं, असं आपल्याकडे फार पूर्वीपासून सांगतात. चांदीचा रुपया दगडी ओट्यावर टाकला की तो खणखणीत वाजतो की बद्द, यावरून धातूची परीक्षा व्हायची. संग्राहकांसाठी पाडलेल्या प्रूफ नाण्याला ही कसोटी लावायची सोय नाही. ओट्यावर टाकलं तर ते खरं निघेल, पण त्याच क्षणी त्याचं मोल उतरेल. ओट्याचंही राहू द्या, आरशासारख्या त्या पृष्ठभागावर नुसतं बोट टेकलं तरी कातडीवरचा घाम आणि तेल धातूत उतरतं आणि काही महिन्यांनी बोटाचा ठसा तपकिरी होऊन वर येतो. तो मग पुसून जात नाही. म्हणून अशा नाण्याची परीक्षा निम्मी नाण्यावर होते आणि निम्मी ते आपल्यापर्यंत कोणत्या वाटेनं आलं यावर. ‘टांकसाळीतून घ्यावं की ऑनलाइन डीलरकडून’ या प्रश्नाचं मूळ इथे आहे. स्वस्त-महागाचा हिशेब त्यानंतरचा.

भारतात टांकसाळी चार: मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. २००६ पासून त्या केंद्र सरकारच्या एका कंपनीकडे आहेत. तिचं लांबलचक सरकारी नाव कोणी उच्चारत नाही, सगळे ‘एसपीएमसीआयएल’च म्हणतात. स्वतंत्र भारताचं पहिलं स्मारक नाणं १९६४ चं, पंडित नेहरूंचं. त्यानंतर महात्मा गांधी आले, अन्नधान्य वाढवा म्हणणारी नाणी आली, १९९९ मध्ये ज्ञानेश्वर आले, २००२ मध्ये तुकाराम. यातली लहान मूल्याची नाणी बाजारात फिरली आणि मोठ्या मूल्याची, चांदी असलेली, फक्त संग्राहकांसाठी संचातून विकली गेली. ७५, १२५, १५०, ३५०, ५५० अशी चमत्कारिक मूल्यं याच दुसऱ्या प्रकारात दिसतात, कारण मूल्य बहुधा वर्षपूर्तीच्या आकड्यावरून ठरतं. २०११ च्या नाणे कायद्यानं एक हजार रुपयांपर्यंतचं नाणं काढता येतं.

टांकसाळीकडे किंमत ठरलेली असते आणि वेळ मोघम. डीलरकडे वस्तू आज मिळते, बाकी सगळं मोघम.

आधी टांकसाळीची वाट. नवीन स्मारक नाण्याची पहिली पक्की खबर वर्तमानपत्रात नसते, ती भारताच्या राजपत्रात असते. अर्थ मंत्रालयाच्या अधिसूचनेत नाण्याचा आकार, व्यास, कडेवरच्या दात्यांची संख्या, मिश्रधातूतली प्रत्येक धातूची टक्केवारी आणि प्रमाण वजन छापलेलं असतं. हा मजकूर मोबाइलमध्ये जपून ठेवावा, पुढे तोच ताजवा होतो. बुकिंग कंपनीच्या विक्री-संकेतस्थळावर उघडतं. त्या नावाशी मिळतीजुळती नावं घेऊन भलतीच पानं उभी राहतात, म्हणून शोधयंत्रात वर आलेल्या जाहिरातीवर बोट न ठेवता कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरून आत शिरावं. खातं आधीच उघडून मोबाइल क्रमांक, ईमेल आणि पिनकोडसकट पत्ता भरून ठेवावा. गाजलेल्या नाण्याचं बुकिंग सुरू झालं की पहिल्या तासात पान अडखळतं आणि पत्ता टंकण्यात वेळ घालवणारे मागे पडतात.

ऑर्डर देताना दोन गोष्टी डोळे उघडे ठेवून पाहाव्यात. एक, कोणत्या टांकसाळीचा संच आहे. दोन, तो प्रूफ आहे की यूएनसी. यूएनसी म्हणजे चलनात न गेलेलं, पण साध्या रीतीनं पाडलेलं नाणं. प्रूफसाठी ठसे आणि चकत्या दोन्ही घासून आरशासारख्या करतात आणि एकाच चकतीवर एकाहून अधिक वेळा ठोका देतात. त्यामुळे पार्श्वभूमी आरशासारखी आणि वरची आकृती दुधाळ, धुरकट दिसते. दोन्ही संचांची छायाचित्रं पडद्यावर सारखीच दिसतात, किंमत आणि नशीब मात्र निराळं. किमतीत कर धरलाय का, टपालखर्च वेगळा आहे का, रद्द करता येईल का, हे पैसे भरण्याआधी वाचावं. पैसे कापले गेले पण ऑर्डर क्रमांक आला नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नयेत. बँकेचा व्यवहार क्रमांक आणि पडद्याचं छायाचित्र जपून ईमेल करावा आणि थांबावं.

थांबण्याचीच खरी परीक्षा असते. आलेल्या मागणीनुसार नाणी पाडली जातात, म्हणून बुकिंग आणि घरी पोचलेलं खोकं यांत महिने जातात. पूर्वी छापील अर्ज आणि डिमांड ड्राफ्ट टपालानं पाठवायची पद्धत होती, तेव्हाही वाट पाहण्याची सवय लागायचीच. या काळात घर बदलणार असाल तर घरच्या पत्त्याऐवजी कायम टिकणारा पत्ता द्यावा. खोकं आलं की उघडताना सलग चित्रफीत घ्यावी: आधी बाहेरची चिठ्ठी, मग सील, मग डबी, मग नाण्याच्या दोन्ही बाजू आणि कड. टांकसाळीतून थेट आलं म्हणजे निर्दोष आलं असं नसतं. डबीत नाणं निसटून फिरलेलं असतं, कॅप्सूलच्या, म्हणजे नाणं बंद केलेल्या पारदर्शक वाटीच्या, आत धाग्याचा तुकडा असतो, कधी आतच बोटाचा ठसा सापडतो. तक्रार करायची तर पहिल्या दिवशी करावी आणि कॅप्सूल न उघडता करावी. एकदा ती उघडली की ठसा कोणाचा हा वाद मिटत नाही.

आता डीलर. त्यांना सरसकट नावं ठेवणं बरोबर नाही. १९९९ चा ज्ञानेश्वरांचा संच आज हवा असेल तर टांकसाळीचं दार ठोठावून उपयोग नाही. तो कोणाच्या तरी कपाटातून डीलरमार्फतच येणार. बुकिंग हुकलं, दोनच नाणी कमी पडताहेत, एखादी मालिका पुरी करायची आहे, अशा वेळी चार पैसे जास्त घेऊन वस्तू हातात देणारा माणूस उपयोगाचाच असतो. प्रश्न येतो तो ‘संच’ या शब्दापाशी.

नाणं ही वस्तू आहे, संच हा दावा आहे. ही दोन नाणी, ही डबी आणि ही पुस्तिका टांकसाळीतून एकत्र बाहेर पडली, एवढंच तो दावा सांगतो. बरेच भारतीय संच दोन नाण्यांचे आहेत: एक चांदीचं मोठं आणि एक चलनातल्या मूल्याचं लहान. विवेकानंदांच्या दीडशेव्या जयंतीला १५० आणि ५ रुपये, बाबासाहेब आंबेडकरांच्या सव्वाशेव्या जयंतीला १२५ आणि १० रुपये. यातलं लहान नाणं बाजारातही फिरलं. इथेच हात मारला जातो. प्रूफ संचातलं लहान नाणं काढून त्या जागी बँकेच्या पिशवीतून आलेलं कोरं, चकचकीत साधं नाणं बसवायचं, एवढं ते सोपं आहे. काढलेलं प्रूफ नाणं वेगळं विकलं जातं. गिऱ्हाईक मोठ्या नाण्याच्या चांदीकडे पाहत राहतं आणि लहान नाण्याकडे त्याचं लक्षच जात नाही. म्हणून डबी हातात आली की आधी लहान नाणं पाहावं.

ते ओळखायचं कसं? छापील कागद नाण्यासमोर दोन-तीन बोटांच्या अंतरावर धरावा. प्रूफच्या मोकळ्या जागेत अक्षरांचं प्रतिबिंब वाचता येईल इतकं स्वच्छ पडतं. साध्या कोऱ्या नाण्यात चमक असते, पण अक्षरं विरघळल्यासारखी दिसतात, आणि नाणं दिव्याखाली फिरवलं की प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे सरकतात. प्रूफची कड काटकोनात, धारदार असते. तिसरी जात घासून चमकवलेल्या नाण्याची. भिंगातून पाहिलं की तिच्यावर एकाच दिशेच्या बारीक रेघा दिसतात, अक्षरांचे कोपरे गोलसर झालेले असतात आणि जिथे दुधाळपणा हवा तिथेही चमक असते. विक्रेता तिला ‘प्रूफसारखं’ म्हणतो. शब्दात ‘सारखं’ आलं की पुढचं बोलणं थांबवायला हरकत नाही.

दुसरी तपासणी टांकसाळीच्या खुणेची. ती बहुधा सालाच्या खाली असते. मुंबईची खूण पत्त्यांतल्या चौकटसारखी, हैदराबादचा तारा, नोएडाचा गोल ठिपका, आणि कोलकाता खूणच करत नाही. मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर पूर्वी इंग्रजी ‘बी’ असे, पुढे ‘एम’ आला. एका डबीत तारा आणि चौकट दोन्ही दिसले, तर तो संच टांकसाळीत नव्हे, कोणाच्या तरी टेबलावर जुळवलेला आहे. ‘एम’च्या शेजारी चौकट बसलेली असेल तर प्रूफ डबीत साधं नाणं घुसवलं गेलं असण्याचीच शक्यता मोठी. डबीवरचं टांकसाळीचं नाव आणि नाण्यावरची खूण जुळतात का, हे पाहायला अर्धा मिनिट लागतो. तरी बहुतेक जाहिरातींत ती खूण दिसेल असं छायाचित्र नसतं. विक्रेत्याकडे ते मागावं. जो सालाचं जवळून छायाचित्र द्यायला टाळाटाळ करतो, त्याच्याकडे दुसरं काहीही मागायची गरज नाही.

तिसरी गोष्ट धातू, आणि इथे जरा रेंगाळायला हवं. अनेक वर्षं मोठ्या स्मारक नाण्यांचं ठरलेलं माप असं होतं: व्यास ४४ मिलिमीटर, वजन ३५ ग्रॅम, कडेला २०० दाते, चांदी ५० टक्के, तांबं ४०, निकेल ५ आणि जस्त ५. २०१८ चं अटलबिहारी वाजपेयींचं शंभराचं नाणं असंच आहे आणि २०२३ चं नव्या संसद भवनाचं ७५ चंही. अशा नाण्यात चांदी साडेसतरा ग्रॅम. दिवसाच्या भावानं तिला गुणलं की किमतीचा तळ कळतो. त्याच्या वरची रक्कम कारागिरी, मागणी आणि हौस यांची असते. अलीकडे शुद्ध चांदीची नाणीही येऊ लागली. रिझर्व्ह बँकेच्या नव्वदाव्या वर्षाचं, २०२४ चं ९० रुपयांचं नाणं ९९.९ टक्के चांदीचं, ४० ग्रॅम वजनाचं आहे. डीलर जेव्हा नुसतं ‘चांदीचं नाणं’ म्हणतो, तेव्हा साडेसतरा ग्रॅम की चाळीस, एवढंच विचारावं.

नकली नाण्याला दोनच वाटा असतात: माप बरोबर ठेवायचं की वजन. चांदी जड आहे, तिच्या जागी घातलेला स्वस्त धातू हलका. वरची चार धातूंची मिसळ घनतेनं मिलिलिटरला साधारण ९.५३ ग्रॅम भरते. तांबं-निकेलची नेहमीची मिसळ ८.९५ च्या आसपास आणि पितळ साडेआठच्या. म्हणजे त्याच मापाचं तांबं-निकेलचं नकली नाणं ३३ ग्रॅमच्या आतच राहतं. वजन ३५ केलं तर ते जाड होतं आणि मूळ कॅप्सूलमध्ये घट्ट बसतं. साध्या काट्यावर पकड इतकी सोपी आहे.

शंका उरलीच तर यूएनसी नाण्यासाठी पाण्याची कसोटी आहे. एक शतांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर लहान भांड्यात डिस्टिल्ड पाणी ठेवावं आणि काटा शून्यावर आणावा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवावं, पण तळाला किंवा काठाला टेकवू नये. काटा जो आकडा दाखवतो, तितके मिलिलिटर नाण्याचं आकारमान. अस्सल ३५ ग्रॅमचं नाणं ३.६७ च्या आसपास दाखवतं, तांबं-निकेलचं ३.९१, पितळेचं ४.१ च्या पुढे. ४० ग्रॅम शुद्ध चांदी ३.८१. आकडा उगाच वाढतो तो अक्षरांत अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांमुळे, म्हणून पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब टाकावा आणि नाणं हलकेच हलवावं. नंतर स्वच्छ पाण्यातून काढून मऊ कापडावर टेकवून सुकवावं, घासू नये. प्रूफ नाण्यावर हे चुकूनही करू नये, त्याची कॅप्सूल उघडायचीच नाही. तिथे कडेचे दाते कामाला येतात. कॅप्सूलमधून कड दिसत असेल तर पाव परिघाचं जवळून छायाचित्र घेऊन दाते मोजावेत, पन्नास भरायला हवेत. आणि चुंबक लावावाच. चांदी, तांबं, जस्त आणि त्यांची ही मिसळ चुंबकाला दाद देत नाही. ओढलं गेलं तर आत लोखंडासारखा चुंबकीय धातू आहे, विषय संपला. मात्र चुंबकाला दाद न देणं हा अस्सलपणाचा पुरावा नाही, पितळही दाद देत नाही. तिरक्या चांदीवरून चुंबक संथ घसरतो ही युक्ती हल्ली फार सांगतात. शुद्ध चांदीला ती लागू पडते, निकेलमिश्रित चांदीत वीज नीट वाहत नाही, त्यामुळे तिथे ती फसवते.

एक प्रकार असा की वस्तू खरी असते, नाव खोटं असतं. एसपीएमसीआयएल स्मृतिचिन्हंही विकते. २०२४ मध्ये आलेलं रामलल्लाचं ५० ग्रॅम चांदीचं रंगीत स्मृतिचिन्ह त्यातलंच. ते टांकसाळीचं आहे, पण नाणं नाही. नाण्यावर अशोकस्तंभाची सिंहमुद्रा, ‘सत्यमेव जयते’, देशाचं नाव आणि रुपयातलं मूल्य असतं. मूल्य नसेल तर ते पदक किंवा स्मृतिचिन्ह. खासगी कारखान्यांच्या चकत्यांवर मूल्यासारखे आकडे असतात, राजपत्रात मात्र त्यांचा पत्ता नसतो. आणखी एक जात ‘रिस्ट्राइक’ची, म्हणजे जुन्या सालाच्या ठशातून पुढे कधीतरी पाडलेल्या नाण्यांची. ब्रिटिशकाळच्या प्रूफ नाण्यांचे असे रिस्ट्राइक मुंबई आणि कोलकात्याच्या टांकसाळींनीच पाडले. ते नकली नाहीत, पण मूळचेही नाहीत, आणि किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. जाहिरातीत हा शब्द गाळलेला असला तर पावतीवर ‘मूळ’ असं लिहून मागावं. आणि वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये देणारे, किंवा तुमच्याकडून ते विकत घेण्याआधी ‘नोंदणी शुल्क’ मागणारे, यांच्याबद्दल फार लिहायला नको. बँकेचं नाव आणि बोधचिन्ह वापरून होणाऱ्या अशा व्यवहारांबद्दल रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला आहे.

किमतीचं चक्र समजलं की घाई कमी होते. बुकिंग बंद झालं की डीलरचा भाव चढतो, कारण वस्तू कोणाच्याच हातात नसते. याच काळात काही जण स्वतःच्या न आलेल्या ऑर्डरी विकतात. विकली जाते ती फक्त आशा, तीही चढ्या भावानं. मग खोकी घरोघर पोचतात, जास्तीचे संच एकदम बाजारात येतात आणि भाव उतरतो. टांकसाळीनं बुकिंग पुन्हा उघडलं तर आणखी उतरतो. ‘फक्त इतकेच संच’ हे वाक्य टांकसाळीच्या जाहीर आकड्याशिवाय आलं असेल तर ते कानाआड करावं. लिलावातून घेताना बोलीवर लिलावगृहाचं कमिशन, त्यावर कर आणि टपालविमा चढतो, तेव्हा आपली कमाल बोली हे सगळं वजा करूनच ठरवावी. प्लास्टिकच्या सीलबंद पेटीतल्या, एखाद्या संस्थेनं तपासून श्रेणी दिलेल्या नाण्यांचंही तसंच. श्रेणी ७० च्या मापावर असते आणि आजच्या प्रूफ नाण्यांना ६९ किंवा ७० मिळणं फार दुर्मीळ नाही. त्या एका गुणासाठी दुप्पट मोजणारा माणूस नाण्यापेक्षा चिठ्ठी विकत घेत असतो. चिठ्ठीवरचा क्रमांक श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून तिथलं छायाचित्र आणि हातातलं नाणं ताडून पाहावं, कारण पेट्याही नकली निघतात.

डीलर ठरवताना जीएसटी क्रमांक असलेली पावती देतो का, परत घेण्याची मुदत लेखी आहे का, हे पाहावं. पावतीवर ‘नाणे, १ नग’ एवढंच असून चालत नाही. साल, मूल्य, टांकसाळ, प्रूफ की यूएनसी आणि मूळ डबी आहे की नाही, हे सारं हवं. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५, पण तिथेही पावती आणि उघडतानाची चित्रफीतच बोलते. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात आणि देशाबाहेर पाठवता येत नाहीत, म्हणून परदेशी संकेतस्थळावर आजोबांचे रुपये विकायला काढू नयेत.

संच घरी आल्यावर तो बिघडवण्याचं काम पावसाळा करतो. चांदीला गंधक काळं करतं आणि ते हवेतून येतं, रबरबँडमधून येतं, डबीच्या मखमलीच्या गोंदातूनही येतं. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटांत तर नाणं ठेवूच नये. त्यातून सुटणाऱ्या आम्लानं हिरवट, चिकट थर बसतो. थर ताजा असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून तो निघतो, नखांचा रंग काढायच्या बाटलीतल्या द्रवानं नाही, कारण त्यात तेल आणि सुगंध असतो. शुद्ध चांदीवर कधी दुधासारखे पांढरे डाग उमटतात. ते बहुधा टांकसाळीत राहून गेलेल्या अंशांमुळे येतात आणि घरच्या उपायांनी जात नाहीत, घासून फक्त नाणं जातं. टांकसाळीची डबी तशीच ठेवून ती हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी आणि पुडीचा रंग बदलला की पुडी बदलावी.

बाहेरचं खोकं आणि त्यावरची पत्त्याची चिठ्ठी फेकू नये. पावतीची घडी करून डबीत सारू नये, साध्या कागदातलं आम्ल नाण्याला लागतं. ती पॉलिस्टरच्या वेगळ्या पाकिटात ठेवावी, तिच्या कोपऱ्यावर संचाचं साल आणि टांकसाळीची खूण पेन्सिलीनं लिहून. छापील पावती उष्णता-कागदावरची असेल तर आजच तिची झेरॉक्स काढावी. दोन-तीन उन्हाळ्यांत तिच्यावरची अक्षरं उडून जातात.